धूर, पाणी आणि झिंगाट

गिटार शिकणाऱ्या पोराला पहिल्यांदा बहुधा 'स्मोक ऑन द वॉटर'ची धून येते. आमच्या गिटारवाल्यालाही तीच आली. नंतर दुसरी आलीच नाही, म्हणून आम्ही बँड काढला. तिच्यामागची हकिकत तो कुणी न विचारता सांगे. १९७१ साली स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावात फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी फ्लेअर उडवला, अख्खा कॅसिनो जळाला आणि तिथे रेकॉर्डिंगला आलेल्या डीप पर्पलने तळ्यावर पसरलेला धूर बघून गाणं केलं. थोडक्यात, बोंबललेल्या कार्यक्रमाचं गाणं. आम्ही इंदापूरचे, उजनीचं पाणी उशाला होतंच, धुराची सोयही पुढे झाली.

ड्रमर बारामतीचा. इंदापुरात येऊन वाजवणं म्हणजे तालुक्यावर उपकार, असा त्याचा चेहरा. ड्रम एसटीने आणले. मोठ्याचं फुल्ल आणि छोट्यांचं हाफ फाडावं की सगळ्यांचं लगेज धरावं, यावर कंडक्टरने भवानीनगरपर्यंत विचार केला आणि शेवटी वैतागून आमचंच तिकीट तपासलं.

साल २०१६, गणपतीचे दिवस. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'झिंगाट' गाण्याचा 'सैराट' आला होता. उजनीच्या पलीकडे करमाळा तालुक्यात चित्रित झालेला सिनेमा. आणि त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल थेट लॉस एंजेलिसला जाऊन तिथला वाद्यवृंद वाजवून आलेले. म्हणजे आमच्या शेजारचं ऊसरान हॉलिवूड फिरून आलं होतं, आणि आम्ही इंदापुरात बसून इंग्रजी व्हायला निघालो होतो. फ्लेक्सवाल्याने बँडचं इंग्रजी नाव असं छापलं की बँड आहे की कीटकनाशक, ते कळेना.

पहिल्या रांगेत आज्ज्या, त्यांच्यामागे पोरं, आणि सगळ्यात मागे मोटरसायकलीवरून न उतरता बघणारे रसिक. गायकाला गाण्याचे शब्द नीट येत नव्हते, पण चाल येत होती. त्यामुळे तो इंग्रजीच्या आसपासचं काहीतरी म्हणत होता. एका आज्जींनी शेजारणीला विचारलं, "कानडी हाय व्हय?"

मागून आरोळी आली, "झिंगाट लावा की!" आम्ही ऐकलं न ऐकलंसं केलं. कलावंताला हे जमावं लागतं. तेवढ्यात मंडळाच्या कार्यकर्त्याने गायकाच्या हातातला माईक काढून घेतला आणि पुकारलं, "एमएच बेचाळीस गाडी मंडपाच्या तोंडावर लावलीय, ताबडतोब काढा." बारामती-इंदापुरात सगळ्याच गाड्या एमएच बेचाळीस. अर्धं पब्लिक उठलं. आमच्या संगीताने कुणी जागचं हललं असेल तर ते तेवढंच.

गिटार भजनी मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली होती. आयुष्यभर हार्मोनियम आणि ग्यानबा-तुकाराम ऐकलेलं ते यंत्र सोलोपर्यंत टिकलं, मग त्याने धूर काढला. मंडळाने आपल्यासाठी खास धुराचं मशीन आणलंय असं वाटून गिटारवाला आणखी जोरात झुलला. साऊंडवाला "ए, ए, बंद कर!" म्हणत धावला, तोवर फट्ट आवाज होऊन मंडपातली लाईट गेली. गणपतीपुढची समई तेवढी राहिली.

अंधारात दोनच वाद्यं जिवंत होती : ड्रम आणि सेलवर चालणारा माझा कॅसिओ. घाबरून माझं बोट कुठल्याशा बटणावर पडलं आणि त्यातून आपोआप ठेका सुरू झाला. बारामतीकराने एरवी माझ्याशी कधी जुळवून घेतलं नव्हतं. तो मुकाट्याने त्या ठेक्यात शिरला. मागच्या पोरांनी झिंगाट उचललं. शिट्ट्या, मोबाईलचे उजेड; आज्ज्यांनी पोरांना नाचायला जागा म्हणून आपल्या खुर्च्या मागे ओढल्या. गायकाला हे गाणं तोंडपाठ होतं, पण माईकशिवाय त्याला कुणी विचारेना.

लाईट आली तेव्हा गिटारवाला स्टेजच्या कडेला बसून अ‍ॅम्प्लिफायरला वारा घालत होता. अध्यक्षांनी आम्हाला एकेक नारळ दिला, ड्रमरला जास्तीचा एक, आणि खांद्यावर थाप मारून म्हणाले, "झकास वाजवलंत पोरांनो! फक्त पुढच्या वर्षी लाईट जरा लवकर घालवू."