खालच्या पट्टीतले गृहस्थ

ऑर्केस्ट्रातल्या वादकांची ओळख करून देताना निवेदकाची खरी परीक्षा बेसवाल्यापाशी होते. ढोलकीवाल्याचं नाव घेतलं की तो एक खणखणीत तुकडा वाजवून टाळी वसूल करतो. सॅक्सोफोनवाला एक लकेर सोडतो आणि पहिल्या रांगेतल्या वहिनी सावरून बसतात. बेसवाल्याचं नाव घेतलं की तो मान किंचित लववतो आणि एकच सूर वाजवतो. धुंऽऽ. लोकांना वाटतं मागच्या रस्त्यावरून ट्रक गेला. काही जण वळून बघतातही.

हे गृहस्थ ड्रमवाल्याच्या शेजारी, अर्ध्या अंधारात उभे असतात. चेहऱ्यावर भाव असा, की कुणाची तरी गाडी सुटायची आहे आणि आपल्याला घाई नाही. ठरवून कुणी बेसवाला होत नाही. कॉलेजच्या ग्रुपमध्ये तीन गिटारवाले जमतात, तिघांनाही सोलो वाजवायचा असतो, तेव्हा त्यातल्या सगळ्यात सभ्य मुलाला मन मोठं करावं लागतं. पुढे उरलेले दोघे विमा आणि सॉफ्टवेअरमध्ये जातात. सभ्य मुलाचा मात्र धंदा चालू राहतो, कारण गिटारवाले गल्लोगल्ली मिळतात, बेसवाल्याला फोन करून तारीख विचारावी लागते.

'गिटारच्या दोन तारा तुटल्या का हो?' हा प्रश्न त्याला लग्नाच्या हॉलवर, रिक्षात आणि सासुरवाडीत सारख्याच आपुलकीनं विचारला जातो. तरुणपणी तो समजावून सांगायचा. आता 'हो, दुरुस्तीला टाकल्यात' म्हणून मोकळा होतो. पाच तारांचा बेस घेऊन गेला, तर सुपारी देणाऱ्या पार्टीचा प्रश्न वेगळा असतो : 'एक तार जास्त आहे, म्हणजे नाइटपण जास्त का?'

पूर्वी या कामाला माणसाहून उंच डबल बेस लागायचा. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडरनं प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि ते धूड गिटारसारखं गळ्यात अडकवता येऊ लागलं. वाद्य हलकं झालं, ओझं काही हलकं झालं नाही. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला 41 वेळा थरथरते आणि इतका खालचा सूर माणसाच्या कानात शिरायचा तर मागून भरपूर ताकद लावावी लागते. गिटारवाल्याचं 30 वॉटमध्ये भागतं तिथे याला 300 लागतात. त्यामुळे गिटारवाला ॲम्प घेऊन येतो आणि बेसवाल्याला त्याचा ॲम्प घेऊन येतो. लोकलच्या लगेज डब्यात टोपल्यांशेजारी तो आपलं काळं कपाट टेकवून बसतो. 'भाऊ, बर्फ टाकलाय ना आत?' असं एखादी कोळीणमावशी काळजीनं विचारते. तेवढी विचारपूस आयोजकांकडून कधी होत नाही.

दुकानात मात्र हा माणूस ओळखू येत नाही. धोबी तलावला 1865 पासूनचं फुर्टाडोज असो की उपनगरातलं गाळ्याएवढं दुकान, आत शिरल्यावर त्याची चाल बदलते. पहिला प्रश्न किमतीचा नसतो. 'वजन किती?' असं तो विचारतो. चार तास उभं राहून वाजवणाऱ्याची कंबर आधी बोलते, खिसा नंतर. मग तो बेस मांडीवर घेऊन एकेका पडद्यावर एकेक सूर वाजवतो आणि तो विरेपर्यंत डोळे मिटून ऐकतो. पातळ तारेवर पाचव्या-सातव्या पडद्याच्या आसपास पुष्कळ बेसचा सूर अकाली मान टाकतो. ती जागा हा शोधत असतो. शेजारी एखादा पोरगा अंगठ्यानं तारा बडवत इंटरनेटवरची करामत दाखवत असतो, त्याच्याभोवती गर्दी जमते. आपल्या गृहस्थांचं चालू असतं : धुंऽऽ, शांतता, धुंऽऽ, शांतता. दुकानाचा मालक खालच्या आवाजात नोकराला म्हणतो, 'चहा सांग. हे घेणार नाहीत, पण जाणारही नाहीत.'

मालकाचा अंदाज अर्धाच खरा ठरतो. घेतो, पण नवा नाही. 'कुणी काढतंय का?' एवढं विचारून ठेवतो आणि महिन्याभरात कुणीतरी काढतंच. हा 'शेवटचा' बेस जुन्या काळ्या बॅगेतून घरी येतो, म्हणजे बॅगांची संख्या वाढत नाही. सौभाग्यवती काही दिवस बघतात आणि पोळी वाढताना सहज विचारतात, 'अहो, हा गणपतीपर्यंत चॉकलेटी होता ना?'

तारांच्या बाबतीत मात्र तो कमालीचा काटकसरी. बेसच्या तारांचा संच गिटारच्या संचाच्या कितीतरी पट महाग. घाम आणि मळ बसून तारा मंदावल्या की तो त्या उतरवतो आणि पाण्यात चांगल्या दहा मिनिटं उकळतो. मळ सुटतो, तारा पुन्हा काही दिवस खणखणतात. हा उपाय जगभरचे बेसवाले करतात. त्यांच्या घरची पातेलीही बहुधा पुन्हा चहाला वापरली जात नसावीत. सौभाग्यवतींनी फारच मनावर घेतलं, की तो अमेरिकेच्या जेम्स जेमरसनचा दाखला देतो. मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांना बेस देणारा हा माणूस तार तुटल्याशिवाय बदलत नसे. वाजवायचाही बहुतेक एकाच बोटानं. त्या कंपनीच्या तबकडीवर वादकांची नावं छापून यायला 1971 साल उजाडलं. हे शेवटचं वाक्य सांगताना आपल्या गृहस्थांचा आवाज जरा जड होतो. आपल्याकडे तरी राहुलदेव बर्मनच्या ताफ्यातले टोनी वाझ किती रसिकांना ठाऊक आहेत? अलीकडे मुंबईच्या मोहिनी डेनं हे वाद्य जगभरच्या रंगमंचावर पुढे आणलं तेव्हा याला मनापासून आनंद झाला. 'आता तरी पार्टीला कळेल हे काय असतं.' पार्टीनं तिचा व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, 'तुम्हाला असं येत नाही का?'

कार्यक्रमाच्या दिवशी त्याचा कान प्रथम विजेकडे असतो. मैदानात अर्थिंग धड नसतं आणि स्पीकर गुंऽऽ करत राहतो. आपली वीज 50 हर्ट्झची आणि बेसवरचा खालचा जी, म्हणजे पांढरी पाच, 49चा. दोन्ही जवळजवळ एकच. त्यामुळे गाणं पांढरी पाचमध्ये असलं तर महावितरणही साथीला आहे असं समजून वाजवता येतं. साउंडवाल्याला हे सांगून तो निर्धास्त होतो, तेवढ्यात गायिका येते. 'दादा, घसा बसलाय. अर्धा सूर खाली घेऊ या?' म्हणजे काळी तीन. कीबोर्डवाला एक बटण दाबतो आणि समोसा खायला लागतो. बेसवाल्याला मात्र मोकळ्या तारांची चैन सोडून प्रत्येक सूर बोटाखाली दाबावा लागतो, वर विजेचा सूर आणि गाण्याचा सूर यांचं रात्रभर भांडण. याचं श्रेय कुणी देत नाही. गाण्यानंतर गायिका कीबोर्डवाल्याला म्हणते, 'थँक यू, लगेच खाली घेतलंत!'

दिवाळी पहाटेला त्याला रेशमी कुर्ता घालावा लागतो आणि पट्टा खांद्यावरून घसरत राहतो. भावगीताला तो सा आणि प धरून तंबोऱ्याचं काम करतो. लावणीला ढोलकीवाल्याची थाप ऐकून मागे सरकतो. गप्प कुठे राहायचं हे त्याला जितकं कळतं तितकं निवेदकाला कळलं असतं तर कार्यक्रम वेळेत संपले असते. ते संपत नाहीत आणि रात्री दहाला पोलीस येतात. तेव्हा एक चमत्कार होतो. बारीक सूर भिंतीशी अडतात, जाड सूर भिंत ओलांडून जातात. त्यामुळे मांडवातल्या लोकांना जो माणूस ऐकूच आला नाही, तो शेजारच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलेला असतो. हवालदार स्टेजकडे बोट दाखवून म्हणतात, 'ते धुमधुम करणारं आधी बंद करा.' संध्याकाळभरात त्याच्या वादनावर आलेला हा एकमेव अभिप्राय.

दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ येतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत. गायिका ऐकू येते, ढोलकी ऐकू येते, टाळ्याही येतात. सासूबाई विचारतात, 'जावईबापू काल गेले नव्हते का?'

तरीही पुढच्या तारखा त्यालाच आधी मिळतात, कारण तो वेळेवर येतो, सोलो मागत नाही आणि पाकीट तिथल्या तिथे मोजत नाही. नुकसान त्याचंच, पण गुण म्हणून नोंदवायला हवा. तेव्हा यंदा सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा ठेवणार असाल तर एवढं करा. स्टेजवर अर्थिंगचा एक थ्री पिन द्या, बिनहाताची एक खुर्ची द्या आणि बजेटची चर्चा करताना 'बेस कीबोर्डवरच घेऊ' हे वाक्य तेवढं गिळून टाका.