कॅलॅमिटी जेन आमच्या गराजात

खूळ लागायला वयाची अट नसते. मला ते पन्नाशी उलटल्यावर लागलं, आणि तेही एका आकड्यामुळे. एप्रिल 2022 मध्ये गोल्फपटू टायगर वुड्सचे आयर्न्स, म्हणजे लोखंडी पात्यांच्या काठ्या, लिलावात निघाले. 2000 आणि 2001 मध्ये त्यानं चार मोठ्या स्पर्धा ओळीनं जिंकल्या, त्या वेळचे. बोली गेली 51 लाख 50 हजार डॉलरच्या घरात. हाच संच 2010 साली 57 हजारांत विकला गेला होता, म्हणजे बारा वर्षांत नव्वद पट! तेवढ्याच काळात आपल्या मुदत ठेवीनं काय दिवे लावले, असं मी हिला विचारणार होतो. पण ठेव ठेवायची कल्पना माझीच होती हे वेळेवर आठवलं आणि मी चहा मागितला.

वास्तविक गोल्फशी माझा संबंध आला तो एकदाच. कंपनीच्या सहलीत साहेबांनी आग्रहानं काठी हातात दिली आणि मी डावा हात ताठ, गुडघे जरासे वाकवलेले, नजर चेंडूवर, श्वास रोखलेला, मनात गणपतीचं नाव, अशा सगळ्या तयारीनिशी जी काय झोड दिली, तिच्यानं हिरवळीचा वीतभर तुकडा उडून पुढे उभ्या असलेल्या साहेबांच्या कॉफीत पडला, माझा चष्मा दुसरीकडे गेला, कमरेत उसण भरली आणि आजूबाजूची मंडळी चेंडू कुठवर गेला ते पाहण्यासाठी कपाळाला हात लावून लांबवर बघू लागली. चेंडू जागेवरच होता.

पण खेळता येत नाही त्यानं काठ्या जमवू नयेत असा नियम कुठंच नाही. मी सगळं वाचलं आहे.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. इथं शनिवारी सकाळी लोक घरातली अडगळ दारात मांडून विकतात आणि माझ्यासारखे लोक ती विकत घेऊन स्वतःच्या घरात अडगळ करतात. ओक ट्री रोडवरून कोथिंबीर, कढीपत्ता आणि आईच्या एकादशीसाठी साबुदाणा आण, म्हणून मला धाडलं होतं. वाटेत एका दारात पिपात उभ्या केलेल्या काठ्या दिसल्या, गाडी आपोआप थांबली, घासाघीस झाली, घरमालकाच्या आजोबांच्या आठवणी ऐकून झाल्या, आणि मी परतलो तेव्हा मागच्या सीटवर एक मॅशी, एक निबलिक आणि एक मोडकी ब्रॅसी, अशा जुन्या पद्धतीच्या तीन काठ्या होत्या. त्या दिवशी आईनं खरोखरचा उपास केला.

अभ्यासात मात्र मी कसूर केली नाही. जुन्या लोखंडी पात्यांच्या पाठीवर घडवणाऱ्याची खूण ठोकलेली असते. पाइप दिसला की सेंट अँड्र्यूजचा टॉम स्टुअर्ट, गुलाब म्हणजे पर्थचा कॉन्डी, हात म्हणजे लेव्हनचा निकल, तारा म्हणजे किंगहॉर्नचा गिब्सन. दांडे हिकरीच्या लाकडाचे. पोलादी दांड्यांना अमेरिकेत 1924 साली आणि ब्रिटनमध्ये 1929 साली परवानगी मिळाली. यावरून मी स्वतःसाठी सोपा नियम बसवला: दांडा लाकडी, म्हणजे काठी जुनी, जुनी, म्हणजे चॅम्पियनची. या तर्कातली एक पायरी गळाली आहे हे मुलीनं दाखवून दिलं, पण ती कॉलेजात जाते, तिला सगळ्यातच काहीतरी दिसतं. मी भिंग घेऊन बसलो. निबलिकच्या पाठीवर स्पष्ट गुलाब होता. रात्री सगळ्यांना बोलावून तो दाखवावा म्हणून तेलाचं बोट फिरवलं, तर गुलाब बोटाला आला. गंज होता.

मग पांढरा पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, मिळाला. 1967 ची यू. एस. ओपन जॅक निक्लॉसनं आमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या बाल्टसरोलला जिंकली, ती 275 फटक्यांत, आणि हातात होता पांढरा रंग दिलेला पटर, व्हाइट फँग. तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो रंग. आता अर्ध्या तासावरच्याच एका दारात पांढरा पटर दिसल्यावर माणसानं काय समजावं? मी कापऱ्या हातानं तो छातीशी धरून गाडीपर्यंत आणला. घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, शर्टाला काय लावून आलात?" त्या घरवाल्यांनी त्याच सकाळी कुंपण रंगवलं होतं.

एवढ्यावर शहाण्या माणसानं थांबायचं असतं. मला कॅलॅमिटी जेन भेटली.

बॉबी जोन्स हा धंद्यानं वकील आणि खेळात कायम हौशी. त्यानं 13 मोठी अजिंक्यपदं मिळवली. त्यातली चार 1930 या एकाच वर्षातली, आणि त्यानंतर 28 व्या वर्षी त्यानं स्पर्धेतून अंग काढून घेतलं. त्याच्या पटरचं नाव कॅलॅमिटी जेन. 1923 च्या यू. एस. ओपनपासून ही त्याच्या हातात. दांड्याला तडा गेला होता, तो दोऱ्यानं आवळून बांधलेला, त्यामुळे त्यावर काळ्या पट्ट्या. आणि एका आजीबाईंच्या दारात, तुटका टोस्टर आणि नाताळचे दिवे यांच्यामध्ये, तपकिरी दांड्याचा, पात्यावर कॅलॅमिटी जेन असं कोरलेला पटर पडला होता. दांड्यावर तीन काळ्या पट्ट्या! माझ्या पोटात गोळा आला. आजीबाई म्हणाल्या, यजमानांच्या काकांची जोन्सशी ओळख होती. मी म्हटलं, तेवढं लिहून द्या. त्यांनी चष्मा शोधला, पेन शोधलं, सावकाश लिहून कागद घडी करून दिला. घरी येऊन उघडला. लिहिलं होतं, 'पंधरा डॉलर मिळाले. माल परत घेतला जाणार नाही.'

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना आईला गराजात तो गंजका पटर दिसला. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. बाकी सगळी कामं मशीन करतं म्हणून बिचारीचे हात शिवशिवत होते. संध्याकाळी तिनं तो पटर माझ्यापुढे धरला तेव्हा त्यात मला माझा चेहरा दिसला, तोही पांढराफटक. "अरे, नुसता राप बसला होता. चिंच लावून ठेवली आणि तारेच्या घासणीनं काढला," आई म्हणाली. "तुम्हा मुलांना वस्तू वापरता येत नाहीत."

तरी धीर सोडला नाही. लिबर्टी कॉर्नरला अमेरिकन गोल्फ संघटनेचं संग्रहालय आहे, तिथं हिला घेऊन गेलो. मूळ जेन ऑगस्टाच्या गोल्फ क्लबात असते. जोन्सनं 1926 पासून वापरलेली दुसरी जेन इथं आहे. काचेला नाक लावून आम्ही पट्ट्या पाहिल्या. "अहो, आपल्याकडे आहे तशीच," ही म्हणाली. ती म्हणाली 'तशीच', मला ऐकू आलं 'तीच'. तिथंच बेन होगनचं एक नंबरचं आयर्न आहे. 1949 च्या मोटार अपघातानंतर होगन पुन्हा चालेल की नाही याची शंका होती, आणि 1950 मध्ये त्यानं मेरिअनला यू. एस. ओपन जिंकली. शेवटच्या भोकाशी ज्या आयर्ननं तो प्रसिद्ध फटका मारला, ते त्याच दिवशी चोरीला गेलं. तीसहून जास्त वर्षांनी ते सापडलं, आणि पात्यावरच्या झिजलेल्या ठिपक्यावरून होगननं ते ओळखलं. वर्षानुवर्षं चेंडू एकाच जागी लागल्याचा तो ठिपका. आमच्या पात्यावर कुठलाही ठिपका उरलेला नव्हता.

शेवटी एका जाणकार विक्रेत्याकडे गेलो. त्यानं पटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून लोहचुंबक काढून माझ्या हिकरीच्या दांड्याला लावलं. ते चिकटलं. आत पोलाद, वरून लाकडी दिसणारं तपकिरी वेष्टण. जोन्सचं नाव झाल्यावर स्पॉल्डिंग कंपनीनं जेनच्या नकला अनेक वर्षं विकल्या, आणि तडा नसलेल्या दांड्यांवरसुद्धा त्या पट्ट्या हौसेनं चढवल्या. ज्या खुणेवर माझा जीव जडला होता ती प्रत्येकीवर होती. "आणि इतकं कुणी घासलं?" त्यानं विचारलं. मी आईचं नाव घेतलं नाही. मग त्यानंच सांगितलं की खुद्द जोन्सनं पहिली जेन बदलली, कारण गंज काढता काढता तिचं तोंड घासून बिघडलं होतं. जोन्सला ज्याला काही वर्षं लागली ते आमच्या मातोश्रींनी एका दुपारी उरकलं.

विक्रेत्याकडून एक गोष्ट मात्र शिकून आलो. या व्यवहारात काठीला किंमत नसते, तिच्या सात-बाराला असते. टायगरचे खरे आयर्न्स त्याच्याच घरी आहेत, असं त्याच्या बाजूनं 2010 मध्ये सांगितलं गेलं होतं. तरी लिलावातल्या संचाबरोबर प्रतिज्ञापत्रं होती, आणि बोली लागली ती त्या कागदांच्या जोरावर. कुणाकडून कुणाकडे, कोणत्या साली, सही कुणाची, हे ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे वारसा, बाकीच्यांकडे लोखंड.

माझ्याकडेही कागद आहे. त्यावर पंधरा डॉलर लिहिलं आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या माहितीत कुणी हौशी माणूस असेल तर जरूर कळवा. एक मॅशी, एक निबलिक, एक मोडकी ब्रॅसी, एक पांढरा पटर (हात लावू नये, अजून सुटतो) आणि एक कॅलॅमिटी जेन, सगळं एकत्र देणं आहे. किमतीचं जमवून घेऊ. जेन घासून लख्ख केलेली आहे, आणि माल परत घेतला जाणार नाही.