हाय टॉर्कवाले भाऊसाहेब

अमरावतीच्या पश्चिमेस, खारपाणपट्ट्याच्या काळ्याभोर आणि उन्हाळ्यात मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडणाऱ्या जमिनीत वसलेल्या भातकुलीस परगावचे यात्रेकरू आदिनाथाच्या दर्शनासाठी येतात, आसपासच्या मौजांतील कास्तकार बाजारहाटासाठी येतात, आणि ज्यांना जुनी मोटारसायकल अथवा जुनी गाडी खरेदी करावयाची असते ते भाऊसाहेबांसाठी येतात. भाऊसाहेब हा एक हुद्दाच आहे, असे म्हणावे लागेल. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट अशा प्रत्येक कसब्यास आपापला भाऊसाहेब नेमून दिलेला असतो, आणि ही जागा वशिल्याने वा निवडणुकीने भरली जात नसून, एकाच प्रश्नावर दीर्घकाल अनिर्णित राहण्याच्या सामर्थ्यावरच ती प्राप्त होते.

आमच्या भाऊसाहेबांचा मूळ दावा १९८३ सालचा. त्या वर्षी एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० या जपानी मोटारसायकलीची भारतीय आवृत्ती राजदूत ३५० या नावाने बाजारात आणली. आणि राजदूत म्हणजे दुधाच्या कॅनी लादून फटफटत जाणारे जेमतेम साडेसात अश्वशक्तीचे सोशिक यंत्र, अशी ज्या मुलखाची पक्की धारणा होती त्या मुलखात ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरांचे आणि सहा गिअरांचे एक अश्रुतपूर्व प्रकरण अवतीर्ण झाले. जपानी मूळ गाडीची अश्वशक्ती ३९. परंतु आपल्याकडील पेट्रोलचा भाव आणि 'किती देते?' हा आपल्या गिऱ्हाइकाचा सनातन प्रश्न ध्यानी घेऊन ती साडेतीसवर उतरविण्यात आली, आणि तरीही लिटरला वीस-पंचवीस किलोमीटरांपलीकडे मजल जाईना तेव्हा १९८५च्या सुमारास पुन्हा कात्री लावून ती २७ करण्यात आली. पहिली ती हाय टॉर्क, दुसरी ती लो टॉर्क. पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक काटकसरीखातर वगळून तेथे ड्रम बसविला गेला होता. म्हणजे धावण्याची व्यवस्था जपानी आणि थांबण्याची बव्हंशी दैवाधीन, असा तो संकर होता. ते दशक सरता सरता गाडीचे उत्पादन बंद पडले, आणि तेथून भाऊसाहेबांच्या कार्यास खरा आरंभ झाला.

नवी गाडी घेताना जी आवृत्ती दुकानात उभी असेल ती निमूटपणे घरी आणावी लागे. जुन्या बाजारात मात्र दोघी एकाच लिंबाखाली शेजारी शेजारी उभ्या राहू लागल्या, आणि साडेतीन अश्वशक्तीच्या त्या अंतरावर भाऊसाहेबांनी आपले उर्वरित आयुष्य तारण ठेवले. हाय टॉर्क घ्यावी, तर तिच्यात जपानी सुटे भाग अधिक, पळ अधिक आणि प्रतिष्ठा तर फारच अधिक. परंतु अस्सल हाय टॉर्क अंगाला हात न लावलेल्या स्थितीत मिळणे दुर्घट, आणि मिळालीच तर तिचा मालक तिची किंमत सांगत नाही, फक्त हसतो. लो टॉर्क घ्यावी, तर ती स्वस्त, समंजस आणि पेट्रोलच्या बाबतीत किंचित लाजरी. परंतु ती दारात आल्या क्षणापासून हाय टॉर्कची आठवण छळत राहणार, ही भीती. या दोन पक्षांपैकी कोणताही पक्ष भाऊसाहेब तितक्याच तळमळीने मांडू शकतात, आणि ऐकणाऱ्याचे मत एका बाजूस झुकले रे झुकले की तत्काळ दुसऱ्या पक्षाचे वकीलपत्र घेतात.

त्यातून लो टॉर्कच्या सिलिंडरांचे पोर्ट कोरून आणि सायलेन्सर बदलून तिला हाय टॉर्क म्हणून खपविण्याचा उद्योग मिस्त्रीलोकांनी आरंभिल्यामुळे भाऊसाहेबांच्या चौकशीस महसुली स्वरूप प्राप्त झाले. गाडीपाशी गेल्यावर ते प्रथम आरसी बुक मागतात, सातबाऱ्यावरील फेरफार वाचावेत तशा मालकांच्या नोंदी वरपासून खालपर्यंत वाचतात, पंधरा वर्षांनंतरचे पाचपाच वर्षांचे नूतनीकरण झाले आहे काय, पर्यावरण कर भरला आहे काय याची खातरजमा करतात, आणि मग धोतर सावरून जमिनीवर बैठक मारीत इंजिनाच्या नंबरावरची धूळ स्वतःच्या उपरण्याने पुसतात. विक्रेता तोवर कासावीस झालेला असतो.

"भाऊ, वरिजिनल हाय टॉर्क हाय जी. माह्या साळ्यानं सोता नवी घेतली होती."

"साळ्याचं राहू दे. हेड खोल, बॅरल पाहू दे."

महेंद्रसिंग धोनीच्या संग्रहात ही गाडी असल्याचे सर्वश्रुत झाल्यापासून विक्रेते साळ्याऐवजी धोनीचा हवाला देतात; परंतु भाऊसाहेबांच्या दरबारी साक्षीदार कितीही मातबर असला तरी बॅरल उघडल्यावाचून पुराव्याची नोंद होत नाही. बॅरल उघडले, म्हणजे ते डोळा बारीक करून पोर्टात पाहतात, बोट फिरवितात, मान हलवितात, आणि "पाहू" एवढाच हुकूम फर्मावून प्रकरण तहकूब करतात. विक्रेत्यास गाडी पुन्हा स्वखर्चाने जोडून घ्यावी लागते.

त्यांच्या आजोबांचा स्वभाव याच्या अगदी विपरीत होता, असे गावातील जुनी मंडळी सांगतात. आजोबांपाशी वखराची एक जोडी आणि शंकरपटाची एक, अशा दोन जोड्या असत. तळेगाव दशासरच्या पटासाठी निराळा खुराक, निराळी झूल आणि निराळा माणूस, आणि शेतीच्या बैलांनी तो खुराक नुसता हुंगलेलाही त्यांस खपत नसे. बाजारात ते बैलाच्या पाठीवर एकदा थाप मारीत, दात पाहत, चार पावले चालवून बघत आणि रुमालाखाली बोटे दाबून सौदा मोकळा करीत. दोन्ही जोड्या ठेवण्याची ऐपत असली म्हणजे तत्त्वचिंतनाची गरज उरत नाही, हे माझे मत मी एकदा भाऊसाहेबांस ऐकविले. त्यावर त्यांनी, बैलाचे बॅरल खोलता येत नव्हते म्हणून आजोबांचे फावले, असे उत्तर दिले.

आणि एवढे करून स्वतः भाऊसाहेब ५० सीसीच्या लूनावर फिरतात. साडेतीस आणि सत्तावीस यांच्यामधील सूक्ष्म भेद समजावून सांगण्यासाठी ते ज्या वेगाने मिस्त्रीच्या दुकानापर्यंत जातात, त्या वेगात त्यांना वाटेतील प्रत्येक परिचिताच्या प्रकृतीची सविस्तर विचारपूस करता येते. काकूंनी पिशवी विसरल्याचे मागून ओरडून सांगितले तर तेही ऐकू येते. काकूंचे म्हणणे स्पष्ट आहे: "तुमाले घ्याची तं एकबी नाही, मंग लोकायच्या गाड्या कायले खोलता जी?" या आक्षेपास भाऊसाहेबांनी आजवर लेखी अथवा तोंडी कैफियत दिलेली नाही.

गेल्या दिवाळीत त्यांचा पुण्यास नोकरीला असलेला पुतण्या निराळेच प्रकरण घेऊन आला. त्यास जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया घ्यावयाची होती, आणि २०१७ सालच्या दोन गाड्या त्याने हेरून ठेवल्या होत्या: एक साधी, १.८ लिटर टर्बो इंजिनाची, १८० अश्वशक्तीची. दुसरी व्हीआरएस, दोन लिटरची, २३०ची. पन्नासांचे अंतर ऐकून भाऊसाहेब क्षणभर विवर्ण झाले. साडेतीनांवर ज्यांनी चार दशके निभावून नेली त्यांना पन्नासांचा ऐवज एकदम समोर आल्यावर, एखाद्या छोट्या सावकारापुढे बँकेची तिजोरी उघडावी तसे वाटले असावे. परंतु ते लवकरच सावरले.

"जमिनीपासून किती उची हाय?" त्यांनी विचारले.

व्हीआरएस किंचित ठेंगणी असते, हे पुतण्याने कबूल केले. भाऊसाहेबांनी अंगणातल्या पायरीवर वीत मांडून पाहिली, भातकुलीपासून अमरावतीपर्यंतचे गतिरोधक बोटांवर मोजले, आणि पहिल्या दिवशी साध्या गाडीच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्या दिवशी, पुतण्या पुण्यास राहतो, भातकुलीस वर्षातून दोनदा येतो, हा मुद्दा उपस्थित होऊन कौल फिरला. तिसऱ्या दिवशी एकीत सात गिअरांचा आणि दुसरीत सहा गिअरांचा डीएसजी गिअरबॉक्स असल्याची बातमी बाहेर पडली. आपल्या राजदूतासही सहाच गिअर होते या योगायोगाने भाऊसाहेब इतके गहिवरले, की त्या दिवशी कामकाज होऊ शकले नाही. मधल्या काळात पुतण्याची रजा संपली, आणि त्याने बडनेऱ्यास जाऊन पुण्याची गाडी धरली.

पुढे महिनाभराने, सर्व बाजूंचा साकल्याने विचार करून, भाऊसाहेबांनी त्यास आपण होऊन फोन लावला व व्हीआरएस घेण्यास हरकत नाही असा निकाल कळविला.

"काकाजी, दोन्ही गाड्या तवाच इकल्या गेल्या."

"असं? मंग ज्यानं घेतली त्याचा नंबर लिहून ठेव. चार-पाच वर्षानं तो इकनच."