क्षुल्लक बोलण्याचा परवाना

हॅम रेडिओवर काय बोलावं, याचा एक आंतरराष्ट्रीय नियम होता, आणि माणसांनी आजवर केलेल्या नियमांत इतका मायाळू नियम मला दुसरा आढळलेला नाही. बोलणं तांत्रिक चाचण्यांपुरतं असावं, आणि खासगी काही बोलायचंच झालं तर ते इतकं बिनमहत्त्वाचं असावं, की त्यासाठी सार्वजनिक तार-टेलिफोन सेवेला तसदी देणं शोभू नये, असा त्याचा आशय. हेतू अर्थात व्यवहारी होता. हौशी मंडळी घरच्या यंत्रावरून फुकटात निरोप धाडू लागली, तर तारखात्यानं पोट कसं भरायचं? पण मला ती परिषद डोळ्यांसमोर दिसते. देशोदेशींचे गंभीर चेहऱ्याचे प्रतिनिधी लांब टेबलाभोवती बसले आहेत आणि ‘बिनमहत्त्वाचं’ म्हणजे नेमकं किती, यावर विचार करत आहेत. आपल्या साध्या गप्पांचा इतका गांभीर्यानं विचार घरात तरी कोण करतं?

माझे सांगलीचे काका या नियमाचं पालन गेली कित्येक वर्षं निष्ठेनं करत आले आहेत. त्यांच्या गच्चीपासून शेजारच्यांच्या नारळापर्यंत वीसेक मीटरची तार ताणलेली आहे. चाळीस मीटरच्या पट्ट्याला एवढी लांबी लागतेच. तिच्यात ते शंभर वॅट सोडतात, म्हणजे पूर्वी माजघरात जळायचा त्या पिवळ्या बल्बाइतकी वीज. एवढ्या भांडवलावर सकाळी त्यांचा आवाज नागपुरात उमटतो, आणि उमटून विचारतो काय, तर ‘पाऊस आहे का?’ पंगतीत मीठ, लिंबू, चटणी यांच्या जागा ठरलेल्या, तसा या बोलण्याचा क्रम ठरलेला. आधी नाव, मग गाव, मग समोरच्याचा आवाज कसा येतोय त्याचे आकडे, मग सेट कुठला, तार किती उंचीवर, आणि शेवटी हवामान. राजकारण, धर्म आणि व्यापार वर्ज्य. रत्नागिरीकडचे एक बागाईतदार रोज सकाळी येतात. त्यांना यंदा मोहोर किती आला हे सांगता येतं, तुडतुडा किती पडला हेही सांगता येतं, पण पेटीचा भाव सांगता येत नाही. हापूसविषयी इतकं निरिच्छ संभाषण महाराष्ट्रात दुसरीकडे कुठं चालत असेल असं वाटत नाही.

मला सगळ्यात हेवा वाटतो तो एकाच गोष्टीचा. इथं मध्ये बोलता येत नाही. माइकचं बटण दाबलेलं असेतोवर आपण बोलायचं, ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडायचं, की मग पुढच्याची पाळी. आमच्या घराण्यात एक वाक्य सुरू करणारा एक, पुरं करणारा दुसरा आणि खोडून काढणाऱ्या तिघी, अशी वाटणी पूर्वापार आहे. त्या घरातल्या माणसाला सलग चार मिनिटं बोलायला मिळावं आणि ऐकणाऱ्यानं तोवर कागदावर मुद्दे टिपून एकेकाला उत्तर द्यावं, याहून मोठी चैन ती कोणती? गुडघ्याचं दुखणं, नातवाचा दात, बदललेला पंखा, सगळ्याची रीतसर पोच मिळते. आणि हे सगळं वहीत चढतं, तेही जागतिक वेळेनं. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. त्यामुळं काकू साडेसातला चहाचा कप ठेवतात तेव्हा काकांच्या वहीत पहाटेचे दोन वाजलेले असतात. ‘चहा निवतोय’ हे वाक्य दोन वेगवेगळ्या काळांमधलं अंतर कापून त्यांच्यापर्यंत पोचतं, म्हणून उशीर होतो, असं काका म्हणतात.

या गप्पांचं छप्पर म्हणजे आकाश, आणि तेही शब्दशः. वरच्या विरळ हवेत सूर्यामुळं भारलेले थर तयार होतात, लहरी त्यांवरून वळून खाली येतात. दिवसा नागपूर, बार्शी, रत्नागिरी सगळे ओसरीवर बसल्यासारखे. सूर्य मावळला की खालचा थर विरतो, लांबून येणाऱ्या लहरींची वाट मोकळी होते. पण वरचा थरही पातळ होतो आणि उभ्या चढलेल्या लहरी त्यातून पार निघून जातात. मग जपान ऐकू येतं, युरोप ऐकू येतो आणि रत्नागिरी नाहीशी होते. रात्री आकाशाला चाळिशी लागते म्हणा ना, दूरचं लख्ख आणि जवळचं वाचता येत नाही. सुमारे अकरा वर्षांनी सूर्यावरचे डाग वाढतात-घटतात, त्याप्रमाणं वरच्या पट्ट्यांवर लांबच्या गाठीभेटी वाढतात-घटतात. ‘हल्ली फिनलंडवाला भेटत नाही’ या तक्रारीत सूर्याचा हात असू शकतो, हे माझ्यासारख्याच्या लवकर ध्यानात येत नाही. मी आपला माणसांनाच दोष देत बसतो.

आणि दोन मिनिटांच्या या बोलण्याची खात्री पटावी म्हणून पोस्टकार्डं धाडायची. ‘आपण बोललो होतो’ एवढंच सांगणारी कार्डं, काही तर बोलणं झाल्यावर वर्षभरानं येऊन पोचणारी. काकांच्या ट्रंकेत चेकोस्लोव्हाकिया आहे, युगोस्लाव्हिया आहे, पूर्व जर्मनी आहे. देश गेले, त्यांची हवामानाची चौकशी मात्र शाबूत राहिली. सोव्हिएत संघातल्या सगळ्या हॅमना कार्डं पाठवायचा पत्ता एकच होता : पोस्ट बॉक्स 88, मॉस्को. आता गंमत पाहा. हॅम मंडळी निरोप घेताना ‘73’ म्हणतात, म्हणजे लोभ असावा. हे आकडे एकोणिसाव्या शतकातल्या तारमास्तरांकडून आलेले. त्याच बाडातल्या ‘88’चा अर्थ प्रेम आणि चुंबन. शीतयुद्ध ऐन भरात असताना जगभरच्या हौशी लोकांनी आपली कार्डं या आकड्याच्या पेटीत टाकली आणि कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. आमच्या सकाळच्या कंपूत 88 कधी ऐकू येत नाही. तिथं ‘वहिनींना नमस्कार’ येतो.

अर्थात कधी कधी क्षुल्लकपणा बाजूला ठेवावा लागतो. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद हैदराबादच्या हॅम संस्थेतर्फे पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून हॅमचा आवाज बऱ्याच वर्षांनी येत होता, त्यामुळं त्यांच्याशी दोन शब्द बोलायला जगभरचे लोक रांगेत होते. 26 तारखेला त्सुनामी आली आणि त्याच केंद्रावरून माणसं सुखरूप असल्याचे निरोप जाऊ लागले. त्याआधीच, 2003 मध्ये, जिनिव्हाच्या परिषदेत त्या जुन्या नियमातून बिनमहत्त्वाचं असण्याची अट काढून टाकण्यात आली होती. म्हणजे आता खासगी बोलणं महत्त्वाचं असलं तरी चालतं. सांगलीत या सुधारणेचा काहीही परिणाम दिसून आलेला नाही.

कंपूतलं कुणी वारलं की त्याला ‘सायलेंट की’ म्हणतात, मोर्सची चावी गप्प झाली म्हणून. बार्शीचे घड्याळजी, सकाळची हजेरी तेच घेतात. ते गेलेल्याचं नाव यादीतून लगेच खोडत नाहीत. त्या जागी दोन श्वास थांबतात आणि पुढच्याला हाक मारतात. पण एरवी हा माणूस फटकळ. आवाज स्पष्ट किती ते पाचांपैकी आणि जोर किती ते नवांपैकी सांगायचं असतं, आणि रीत अशी की सगळेच सगळ्यांना ‘फाइव्ह नाइन’ देतात. ‘फाइव्ह नाइन, अगदी खणखणीत, जरा नाव पुन्हा सांगता का?’ हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे. या शिष्टाचाराला न जुमानता घड्याळजींनी गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीकरांना ‘थ्री थ्री’ दिले. बागाईतदार रुसले. काही दिवस आलेच नाहीत. नागपूरच्या निवृत्त प्राध्यापकांनी मध्यस्थी केली, काकांनी केली, आणि मग एका सकाळी ते असे काही दणदणीत उगवले की काकांना आवाज कमी करावा लागला. केबलच्या जोडात पाणी गेलं होतं म्हणे. ते दुरुस्त करायला माडावर गडी चढवला आणि त्यानं किती घेतले ठाऊक आहे का, असं ते विचारतात न विचारतात, तोच ‘ओव्हर’ झाल्याबरोबर प्राध्यापकांनी हरकत घेतली, की पैशांचा विषय म्हणजे व्यापार. घड्याळजींचं म्हणणं, मजुरी म्हणजे व्यापार नव्हे. तिकडं चहा निवत होता. काका माइक हातात धरून पाळीची वाट पाहत होते. त्यांनी सहा मुद्दे लिहून काढले होते, आणि त्यांतला पहिला पावसाविषयी होता.