चांगल्या घरची पोरं आणि पडके वाडे

ऐकलंत का? लातूर-नांदेडच्या पोरांना नवंच वेड लागलंय, आणि आईबापांनी वेळीच लक्ष घातलं नाही तर प्रकरण हाताबाहेर जाईल, सांगून ठेवते. रविवारी पहाटे उठतात. हो, पहाटे! ज्या पोराला सहाच्या क्लासला पाठवायचं म्हणजे अख्ख्या घराला आळीपाळीनं ओरडावं लागायचं, तो आपण होऊन उठतो, बाटलीत पाणी भरतो आणि जातो कुठे, तर दुसऱ्यांचे पडके वाडे बघायला. हेरिटेज वॉक म्हणे. आमच्या वेळी कुणाच्या ओसरीवरून आत नुसती नजर टाकली तरी घरी आल्यावर कान पिळला जायचा. आता तेच काम मोबाइल हातात धरून घोळक्यानं करतात आणि वर त्याला संस्कृती म्हणतात.

बरं, बघतात तरी काय? देवघर बघितलं तर समजू शकते. पण ही मंडळी पाहुण्यांना आपण कधी दाखवत नाही तेच नेमकं शोधत जातात. नहाणी बघतात. धुरानं काळी पडलेली चूल बघतात. छताला उजेडासाठी ठेवलेलं साणं दिसलं की खाली उभं राहून तोंड वर करून फोटो काढतात. परवा एका जुन्या वाड्यात एका मुलीला बळद सापडलं, म्हणजे भिंतीच्या पोटात धान्य साठवायची जागा. तिनं आत डोकंच घातलं. घरच्या आजी माजघरातून ओरडल्या, ‘‘अगं, काय शोधायलीस? ज्वारी संपून चाळीस वर्षं झाली!’’ मुलीनं डोकं बाहेर काढलं, केसांना जाळी लागलेली, आणि विचारलं, ‘‘आज्जी, किती पोती मावायची?’’ आजींचा राग तिथंच विरघळला. मग त्यांनी बळदाचं वरचं तोंड, खालचं तोंड, कीड लागू नये म्हणून घालायचा लिंबाचा पाला, सगळं साग्रसंगीत सांगितलं. सुनेला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. सून दारात उभी राहून ऐकत होती, आणि तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

लातुरात तर गंजगोलाईसुद्धा यातून सुटलेली नाही. जन्मभर आपण तिथं मिरच्या घेतल्या, गूळ घेतला, चपला घेतल्या, सोनं मोडलं. मान वर करून बघितलं कुणी? आता पोरं सांगतात की १९१७ साली बांधलेली ही दुमजली गोल इमारत फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली आहे, मधोमध जगदंबेचं देऊळ आणि चहूकडे सोळा रस्ते. निजामाच्या राज्यातलं हे आडबाजूचं गाव, आणि त्याची बाजारपेठ अशी कंपास लावून काढलेली! एका व्यापाऱ्यानं तर या घोळक्याला चक्क हाकललं, ‘‘गिऱ्हाईक अडायलंय, वर काय बघायलात, वर काही विकायला नाही.’’ त्याचंही चुकलं नाही. पण घोळका गेल्यावर तो स्वतः दुकानाबाहेर येऊन वर बघत होता म्हणे. पानवाल्यानं बघितलंय.

नांदेडकरांची तऱ्हा वेगळी. त्यांचा तोरा असा की आमच्याकडे सचखंड गुरुद्वारा आहे, महाराजा रणजितसिंगांनी बांधून घेतलेला, देशोदेशींचे यात्रेकरू येतात, आम्ही कशाला गल्लीबोळांत फिरू? २००८ साली गुरुतागद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, शहराचे रस्ते रुंद झाले, चौक चकाकले. पण त्याच नांदेडची मंडळी आता जुन्या वस्त्यांतून कोरीव खांब मोजत हिंडतात. गोदावरीकाठच्या नंदगिरी किल्ल्यापाशी तर इतके दिवस फक्त घरी पत्ता न सांगता आलेली जोडपी दिसायची. आता तिथं निवृत्त मास्तर पोरांना तटबंदी समजावून सांगतात. जोडप्यांनी बिचाऱ्यांनी जायचं कुठे?

जायचं कुठे, तेही ठरलेलंच. जोडपी उदगीरच्या किल्ल्यात. पण लग्न ठरलेली, आणि सोबत फोटोग्राफर घेऊन! जिथं १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला जेरीस आणलं, त्या उदगिरात नवरदेव शेरवानीत आणि नवरी लांब शेपटाच्या गाऊनमध्ये, ते शेपूट उचलायला धाकटी बहीण. आत उदागीर बाबांच्या दर्शनाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून बघत असतात. होट्टलला चालुक्यकाळातली देवळं आहेत, त्यांच्या भिंतींवर सुरसुंदऱ्या. तिथं नव्या नवऱ्या तशीच कंबर मोडून उभं राहायचा प्रयत्न करतात. दगडाच्या बाईची कंबर आणि आपली, याचा काही विचार? कंधारात क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे तुकडे पडलेत. त्या दगडी पावलाशेजारी आपलं पाऊल ठेवून फोटो काढला नाही, असा एक प्रवासी दाखवा मला. राष्ट्रकूटांचा तिसरा कृष्ण स्वतःला कंधारपुराचा स्वामी म्हणवून घ्यायचा, एवढं तिथं उभं असलेल्या एकाला तरी माहीत असावं, एवढीच अपेक्षा.

आता एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, घरांचं हे कौतुक बघून आमच्याकडची पन्नाशीपुढची माणसं गप्प होतात, ती उगाच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूर पट्ट्यातली ५२ गावं भूकंपात भुईसपाट झाली, हजारो माणसं गेली, आणि ती बहुतेक याच घरांखाली. दोन-तीन फूट जाड भिंत, बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती; दोन्ही अंगं सांधणारा लांब दगड कुठेच नाही. वर तुळया, तुळयांवर किलच, किलचांवर पांढऱ्या मातीचा थर. पाऊस गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर आणखी माती. पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेलं ते ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. जिथं छताचा भार लाकडी खांबांनी पेलला होता, तिथं भिंती पडूनही काही छतं वर राहिली. पण त्या रात्रीनंतर असा बारकावा कोण बघणार? लोक अंगणात झोपू लागले, पत्र्याखाली राहिले, आणि हाती पैसा येताच वाडे पाडून सिमेंट आणलं. त्यांना ‘वारसा कळला नाही’ म्हणून नाक मुरडणारा कुणी भेटला, तर त्याला एक रात्र माळवदाखाली झोपवा. पावसाळ्यातली.

गढ्यांची कथा मात्र शुद्ध चहाटळ आहे. गावोगावच्या देशमुख-पाटलांच्या गढ्या आता मातीचे ढिगारे झाल्यात, आणि लोक हळहळतात की काळानं घास घेतला. काळानं? अहो, गढीची पांढरी माती चिकट, पाणी आत न झिरपू देणारी, माळवदाला एक नंबर. गावानं ती टोपल्याटोपल्यांनी नेली. देशमुखांची गढी आज शोधायची असेल तर अर्ध्या गावाच्या छपरांवर शोधा. उरलेली खणली ती गुप्तधनवाल्यांनी. अमावस्येला लिंबू-नारळ घेऊन येतात, सकाळी खड्डा दिसतो. परवा वारसाप्रेमी तिथं वहीत मापं घेत होते, तर पोलीस पाटील काठी घेऊन धावत आला. त्याला खरं कसं पटवायचं? दिवसाउजेडी, घागर न उकरता, नुसती भिंत मोजायला कुणी येतं यावर त्याचा विश्वासच बसेना.

आणि सगळ्यात मोठी कुजबुज आता सांगते, पण माझं नाव घेऊ नका. मराठवाड्यात जे वाडे उभे आहेत ते कुणामुळे? पुरातत्त्व खात्यामुळे नाही. भाऊबंदकीमुळे! जिथं भावाभावांचं पटलं, तिथं वाटण्या झाल्या, वाडा पडला, खाली गाळे, वर मंगल कार्यालय. जिथं पटलं नाही, तिथं दिवाणी कोर्टात तारखांवर तारखा, खिळासुद्धा हलवायची बंदी. त्यामुळे कोरीव दरवाजा जागेवर, झोपाळ्याच्या कड्या जागेवर, अडसरसुद्धा जागेवर. तीन पिढ्यांच्या भांडणानं जे जपलं, ते तीन पिढ्यांच्या प्रेमानं विकून खाल्लं असतं. म्हणून वाडा बघायला जाणाऱ्यांनी मालकाच्या घरी शांतता नांदो, असा आशीर्वाद चुकूनही देऊ नये.

अशा एका वाड्यात आता दर महिन्याला पाहुणे येतात. पूर्वेचा खण थोरल्याचा, पश्चिमेचा धाकट्याचा, मधल्या चौकात कोर्टाचा हुकूम. बोलणं बंद, पण पाहुण्यांवरून चढाओढ सुरू झालीय. थोरल्यानं ओसरीला रंग दिला, तर धाकट्यानं दिंडी दरवाजाला तेलपाणी केलं. थोरलीनं चहा दिला की धाकटी चहासोबत मुरमुऱ्यांचा सुशीला करते. गेल्या वेळच्या पाहुण्यांनी दोन्हीकडे खाल्लं आणि दोन्हीकडे सांगितलं की तुमचीच बाजू जास्त जुनी आहे. आता दोघांनीही वकिलाला फोन करून विचारलंय, हे लेखी मिळेल का म्हणून.