डाव्या दाराची खडखड

ईश्वराने मनुष्यास दोन कान दिले ते एकाने ऐकून दुसऱ्याने सोडून देण्यासाठी, असा आम्हां संसारी माणसांचा समज आहे. परंतु परळच्या रेल्वे कारखान्यातून यांत्रिक अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या मामांच्या मते डावा कान टॅपेटसाठी व उजवा बेअरिंगसाठी असून, माणसांचे बोलणे हा उभयतांवर विनाकारण लादलेला जादा कामाचा बोजा होता.

हा कान त्यांनी नोकरीत कमावला होता. गृहिणी बाजारात मडके जसे वाजवून घेते, तसे आगगाडीच्या चाकावर हातोडी मारून निघणाऱ्या नादावरून ते धड आहे की तडकलेले आहे हे ओळखावयाचे, ही त्या खात्यातली जुनी विद्या. आणि ती मामांच्या अंगी इतकी भिनली होती, की माझ्या लग्नात भर मांडवात सनईवाल्याकडे रोखून पाहत त्यांनी "हवा कुठंतरी गळतेय" असे निदान केले, आणि वधूपक्षाच्या दुर्दैवाने ते खरे निघाले.

१९६२ साली सेवानिवृत्त होताना जो फंड हाती आला, त्याचा विनियोग गावच्या घराचे छप्पर शाकारण्यासाठी व्हावा असा मामीचा रास्त अर्ज होता. तो दप्तरी दाखल होऊन तेथेच राहिला. नव्या मोटारीसाठी नाव नोंदवावे मुलाच्या बारशाला आणि ताबा मिळावा त्याच्या मुंजीला, असा तो काळ. सबब मामांनी एक वापरलेली फियाट ११०० घरी आणली. तिच्या फुगीर नाकाडामुळे उभा महाराष्ट्र या गाडीला 'डुक्कर फियाट' म्हणत असे. मामांना त्यात अधिक्षेप वाटत नसे. "वराह हा विष्णूचा तिसरा अवतार. पृथ्वी वर काढली त्यानं. घाट चढणं त्याला काय अवघड?" असे ते म्हणत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार झाली असल्याने, मूळची इटालियन असली तरी ती आता आपल्याच घराण्यातली सून आहे, असा त्यांचा निवाडा होता. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागल्या अंगाला असत, त्यामुळे दारे उलट बाजूस उघडत. नऊवारीतल्या आजीला तीतून उतरणे पालखीतून उतरण्याइतके सुकर होई, मात्र जवळून जाणाऱ्या सायकलस्वारास ते दार आलिंगनासाठी पसरलेल्या बाहूसारखे सामोरे येई.

आम्हां भाचरांना या गाडीत बसावयाचे तर आधी परीक्षा द्यावी लागे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर, सिलिंडर ४, तर घनफळ किती, या प्रश्नाला १०८९ घनसेंटिमीटर असे उत्तर आल्याखेरीज खिडकीजवळची जागा मंजूर होत नसे. ठिणग्यांचा क्रम १-३-४-२ हा तर शुभंकरोतीनंतर म्हणावयाचा मंत्रच होता, आणि पुढे शाळेत पाढे म्हणताना माझ्या एका मामेभावाने एकानंतर तीन उच्चारून गुरुजींचा मार खाल्ला, तेव्हा मामांनी गुरुजींना इंजिनाचे अज्ञान असल्याबद्दल कीव व्यक्त केली.

इतरांना मोटार ही कोठेतरी पोचण्यासाठी लागते. मामांना ती वाटेत थांबण्यासाठी लागत असे. दादरहून पुण्यास निघालो की ते बोरघाटाची वाट अशी पाहत, जशी वारकऱ्याने पंढरीच्या कळसाची पाहावी. घाटात शिंग्रोबाच्या देवळाशी ते न चुकता नाणे टाकीत. देवावर विशेष विश्वास होता म्हणून नव्हे, तर ज्या धनगराने इंग्रजांस घाटाची वाट दाखविली तो मूळचा सर्व्हेअर, म्हणजे आपल्याच खात्यातला माणूस, या बंधुभावाने. पुढे उन्हात इंजिनाने एकदा आचके देऊन प्राण सोडला, की मामांच्या मुद्रेवर समाधान पसरे. पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होते, आणि द्रव ओढण्यासाठी घडविलेल्या पंपाला वाफ ओढता येत नाही, हा सिद्धान्त रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या समस्त कुटुंबास समजावून सांगत ते मामीच्या डब्याभोवतीचे फडके भिजवून पंपावर ठेवीत, आणि पेट्रोल थंड होईतो आम्ही फडक्याविना उघड्या पडलेल्या पोळ्या खात बसू. अशा रीतीने एका आतेबहिणीच्या विवाहास आम्ही पोचलो, तेव्हा पंगती उठून वधूची पाठवणीही झाली होती. "गाडी मात्र सुरेख आली," मामा म्हणाले.

तथापि या गाडीचा एक दोष त्यांनाही दाद देईना. डाव्या दारात एक खडखड होती. गल्लीच्या वळणावर ती ऐकू आली की मामी चहाचे आधण ठेवी, इतकी ती पंचक्रोशीत रुजू झालेली होती. दर रविवारी सकाळी मामा ते दार उघडीत, आतली गादी काढीत, कान लावीत, बोटांनी ठोकून पाहत. अकराच्या सुमारास स्वयंपाकघरातून मामी विचारी, "सापडलं का हो?" आणि मामा प्रसन्न स्वराने उत्तर देत, "अजून नाही." हे संशोधन एक तप चालले. ज्याने इंजिनाचा ठोका ऐकून रोग सांगावा, त्याला एका दाराची कैफियत उमगू नये, याचे आम्हांस नवल वाटे. विद्येलाही वार्धक्य येते, असे आम्ही मनाशी म्हणत असू.

ते गेल्यावर गाडी विकण्याचे ठरले, आणि गिऱ्हाईक येण्यापूर्वी ती साफ करण्याचे काम मजकडे आले. आसनाखाली त्यांची वही सापडली. पेट्रोल, मैल, तक्रार, निदान, उपाय, असे रकाने आखून सरकारी रोजकीर्दीसारखी ठेवलेली. त्यात एका ठिकाणी त्यांच्या टापटिपीच्या अक्षरात नोंद होती: "१२ मे १९६३, रविवार. डाव्या दाराचे काम करताना १०-११ चा पाना दाराच्या पोटात पडला. खडखड सुरू. काढणे पाच मिनिटांचे काम. काढू नये. पुढील रविवारी काय करावे?"

मी दाराची गादी काढून आत हात घातला. पाना तळाशीच होता, गंजलेला, अगदी हाताशी येईल असा. तो काही वेळ हातात धरून मी उभा राहिलो. मग होता तेथे ठेवला, गादी बसविली आणि दार लावले. खडखड झाली.

आतून मामीचा आवाज आला, "सापडलं का रे काही?"

"अजून नाही, मामी," मी म्हणालो.