भात शोधणाऱ्यांच्या बाजूने

'परदेशात जाऊन घरचंच जेवण शोधायचं, तर घरीच का नाही बसलात?' असं विचारणाऱ्यांची हल्ली चलती आहे. जाकार्ताचा माणूस ॲमस्टरडॅममध्ये भात शोधताना दिसला रे दिसला, की हे उपदेशाला हजर. तिथलं खा. नवं खा. घर विसरा.

का विसरायचं?

दोन दिवस थंड सँडविच खाल्लं की पोट भात मागतं, त्यात लाज कसली? आपल्याकडच्या कितीतरी टूर कंपन्या युरोपात स्वयंपाकी सोबत नेतात आणि जाहिरातीत ते ठळक छापतात. मराठी माणसाने आल्प्सच्या पायथ्याशी पोहे खाल्ले तर ती सोय, आणि इंडोनेशियाच्या माणसाने नासी गोरेंग म्हणजे परतलेला भात मागितला तर तो कूपमंडूक?

शिवाय इंडोनेशिया आणि मलेशिया हे मुस्लिमबहुल देश. तिथल्या प्रवाशाला चवीच्या आधी हलालची चौकशी करावी लागते. 'मिळेल ते खा' हा सल्ला देणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच वर्ज्य नसतं.

ॲमस्टरडॅमचंच घ्या. पर्यटकाला तिथे हमखास 'रेइस्टताफेल' खायला पाठवतात. मधे भात आणि भोवती पंधरा-वीस वाट्या, टेबल भरून जातं. म्हणे अस्सल इंडोनेशियन. पण इंडोनेशियातल्या कुठल्या घरात रोज असं जेवतात? ही वसाहतीच्या काळातली डच साहेबांची मेजवानी.

वसाहत गेली, मेजवानी उरली.

घरच्यासारखं जेवायचं असेल तर 'तोको' गाठावं. तोको म्हणजे छोटं दुकान, निम्मं किराण्याचं आणि निम्मं तयार जेवणाचं. काचेमागे ट्रे मांडलेले असतात. 'नासी रामेस' म्हणायचं आणि बोट दाखवत जायचं. भातावर रेंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेलं मसालेदार मांस, पडतं, नारळाच्या रसातल्या भाज्या पडतात, वरून सेरुंदेंग भुरभुरतात. सेरुंदेंग म्हणजे मसाला लावून परतलेलं खोबरं आणि शेंगदाणे, आपल्या सुक्या खोबऱ्याच्या चटणीची चुलतबहीणच. कडेला सांबाल, म्हणजे मिरचीचा ठेचा. एवढ्यासाठी ट्राम बदलून जायला लागलं तरी जावं.

ही दुकानं आली कुठून? डिसेंबर १९४९ मध्ये डचांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य मान्य केलं. त्या सुमारास आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे ३ लाख माणसं नेदरलँड्सला आली. त्यांत डच-इंडोनेशियन मिश्र वंशाचे 'इंडो' पुष्कळ होते. त्यांतल्या अनेकांनी हा 'मायदेश' आधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. सरकारने हजारोंची सोय भाड्याच्या निवासांत लावली आणि पानात वाढले उकडलेले बटाटे. माणसं परत आली म्हणे. जिथे कधी गेलोच नाही, तिथे परत कसं यायचं?

त्यांनी बटाटे खाल्ले, पण मसाला सोडला नाही. आज डच सुपरमार्केटात सांबालच्या बाटल्या रोजच्या सामानात मांडलेल्या असतात. कोणी कोणाला जेवायला शिकवलं?

एक मात्र खरं. तोकोच्या त्याच काचेमागे बऱ्याचदा गोड सोया सॉसमधलं डुकराचं मांसही असतं. इंडो आणि चिनी-इंडोनेशियन स्वयंपाकाचा तो वारसा आहे. जाकार्ताच्या मुस्लिम पाहुण्याला तिथेही विचारूनच घास घ्यावा लागतो. 'इंडोनेशियन' एवढी पाटी वाचून निश्चिंत होणारे आपल्यासारखे परकेच.

बर्लिनची गोष्ट आणखी बोचरी. पूर्व जर्मनीने १९८० च्या करारानंतर कारखान्यांसाठी व्हिएतनामहून कंत्राटी कामगार आणले. १९८९ मध्ये ते ६० हजारांच्या घरात होते. बर्लिनची भिंत पडली, कारखाने बंद पडले, कंत्राटं संपली. पुष्कळांची परत पाठवणी झाली. जे राहिले त्यांनी मिळेल तो धंदा केला, कित्येकांनी खाण्याच्या टपऱ्या टाकल्या. तिथे काय विकलं? चिनी नूडल्स! गिऱ्हाइकाला फो, म्हणजे व्हिएतनामी नूडल्सचं सूप, माहीतच नव्हता. व्हिएतनामी माणसाने पोटासाठी चिनी म्हणून उभं राहायचं आणि भिंत पडल्याचा आनंद साजरा करणाऱ्यांनी ते चवीने खायचं.

आता लिश्टेनबर्गमधल्या 'डोंग सुआन सेंटर'मध्ये जा. हनोईच्या बाजाराचं नाव, मोठमोठ्या शेडा, आत कपड्यांपासून खोट्या फुलांपर्यंत सगळा घाऊक माल आणि मधेच खानावळी. पाटीवर ठसठशीत 'फो'. हनोईहून आलेला पाहुणा इथे येऊन वाडगा मागवतो, तेव्हा त्याने बर्लिन पाहिलं नाही असं कोण म्हणेल? ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी फोटो काढणारे?

सरकारं पडतात तेव्हा अशी खानावळ निघते. सरकारं मनावर घेतात तेव्हा काय निघतं, ते थायलंडने दाखवलं. २००२ च्या सुमारास तिथल्या सरकारने जगभर थाई रेस्टॉरंटं वाढवायची मोहीमच काढली. पाद थाई घराघरांत पोचलं, हे मान्य. पण थायलंडच्या ईशान्येकडच्या माणसाला हवं असतं आंबवलेल्या माशाचं, नाकात जाणारं पपईचं सलाड. ते मेन्यूवर छापायला किती मालक धजावतात?

आणि ब्रिटन? २०१८ मध्ये तिथल्या 'मास्टरशेफ' या टीव्हीवरच्या पाककला स्पर्धेत मलेशियात जन्मलेल्या स्पर्धक बाईंनी कोंबडीचं रेंदांग केलं. परीक्षक म्हणाले, कातडी कुरकुरीत नाही. नारळाच्या दुधात शिजलेल्या कोंबडीची कातडी कुरकुरीत! बाई बाद झाल्या. मलेशियात निवडणूक तोंडावर होती. पंतप्रधान नजीब रझाक आणि त्यांचे विरोधक महाथीर मोहम्मद एकमेकांवर तुटून पडले होते, पण रेंदांगच्या बाजूने दोघेही बोलले.

ज्या देशात परीक्षकांची ही गत, तिथे मलेशियन विद्यार्थ्याने जेवायला जायचं कुठे? लंडनच्या बेझवॉटरमधल्या 'मलेशिया हॉल'च्या कँटीनमध्ये. तिथे त्याला कातडीविषयी कोणी विचारत नाही.